टाकीच्या दिवशीचं पीठ

"टाकीच्या दिवशीची भाकर चावाची नसते बाई. कुस्कराची, दुधात नाईतर वरणात भिजवाची, अन् गिळाची."

लग्न होऊन मयुरी अमडापुरात आली त्याच पंधरवड्यात सासऱ्यांनी, म्हणजे किसनरावांनी, तिला हे सांगितलं होतं. तिने मान हलवली, "हो मामाजी" म्हटलं, आणि ताटं उचलून आत जाईपर्यंत विसरलीसुद्धा. रोज सकाळी बुद्धवंदना होणारं, मांजर आडवं गेलं तरी न थांबणारं घर. पण अशा घरातही म्हाताऱ्या माणसांचं एखादं खूळ उरतंच, असं तिला वाटलं. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलेल्या मुलीने भाकरी गिळायची, का तर म्हणे चक्कीला टाकी लावली म्हणून!

किसनरावांची पिठाची चक्की घराला लागूनच होती. विजेवरची, दोन गोल दगडांची. दळून दळून दगड गुळगुळीत झाले की पीठ जाडं पडायला लागतं आणि हाताला चटका बसेल इतकं गरम येतं. मग दर बारा-पंधरा दिवसांनी वरचा दगड उतरवून उलटा करायचा, छिन्नी-हातोडा घेऊन त्याच्या अंगावर पुन्हा बारीक बारीक घाव घालायचे. याला टाकी लावणं म्हणतात. त्या दिवशी घरात सकाळपासून टक-टक-टक चालू असायचं. किसनरावांच्या भुवया, मिशा, कानाची पाळी, सगळं दगडाच्या भुकटीने राखाडी व्हायचं. दुपार कलली की दगड जागेवर बसायचा आणि चक्कीत पहिलं धान्य पडायचं ते घरचं. दोन पायल्या ज्वारी. ते पीठ घरच्या डब्यात जायचं. गावाचे डबे दुसऱ्या दिवशीपासून.

आठ वर्षं हे मयुरीच्या डोळ्यांसमोर चाललं होतं. तिला त्यात काही खटकलं नाही. खटकायचं ते या घराचं जेवण. सासरे, सासू बेबीताई, आणि खामगावच्या जिनिंगमध्ये नोकरी करणारा, इस्त्रीचा शर्ट घालणारा तिचा नवरा प्रसेनजितसुद्धा, कोणी भाकरी चावून खात नसे. ताटात चुरा करायचा, त्यावर वरण ओतायचं, पाच बोटांनी लगदा कालवायचा आणि सुर्र करून ओढायचा. किसनरावांच्या मनगटावरून ओघळ कोपराकडे निघायचा, तो ते जिभेने टिपून घ्यायचे. मयुरीला शिसारी यायची. ती आपलं ताट घेऊन थोडी पाठमोरी बसायची. पुढे मुलगा झाला, संघर्ष. त्याला दात आले तेव्हाच तिने मनाशी पक्कं केलं की माझं लेकरू हा गाळ गिळणार नाही.

"चावून खा बेटा. एक घास बत्तीस वेळा. मोज."

पोरगं इमानदारीने मोजायचं. शाळेच्या डब्यात बिस्किटं नाहीत, पुड्या नाहीत. ती ज्वारीची भाकरी तव्यावर पार खरपूस होऊ द्यायची, वर तीळ लावायची, आणि तिचे तुकडे करून द्यायची. कुडुम-कुडुम वाजायचे. पालकसभेत बाईंनी बाकीच्या आयांना उभं राहून सांगितलं, डबा द्यायचा तर संघर्षच्या आईसारखा द्या. मयुरी त्या दिवशी घरी आली ती जमिनीपासून चार बोटं वरून चालत.

आणि आता दुसरीतल्या त्या पोराच्या तोंडाला वास यायला लागला होता.

वास साधासुधा नव्हता. चक्कीत गोणपाटाखाली कधी उंदीर मरून राहतो, दोन दिवसांनी गोणपाट उचललं की जो भपकारा येतो, त्याची धाकटी बहीण म्हणा. सकाळी तो "मम्मी" म्हणून गळ्यात पडायचा आणि ती श्वास रोखायची. आईने स्वतःच्या लेकरापुढे श्वास रोखावा, याचीच तिला आधी किळस वाटायची आणि मग वासाची.

सोमवारी शाळेआधी तिने मोबाईलची बॅटरी लावून त्याचं तोंड उघडलं. खालच्या उजव्या दाढेत पांढरंशुभ्र फिलिंग असायला हवं होतं. तिथे एक तपकिरी खळगा होता, चमच्याच्या पोटासारखा, आणि त्यात कालची भाकरी दाबून बसलेली. तिने काडीने ते उकरलं. बाहेर आलं ते करडं, चिकट, तार सुटणारं काहीतरी. काडीच्या टोकाला लोंबत राहिलं.

"मम्मी, तू उलटी करतेस का?" संघर्षने मोठ्या कुतूहलाने विचारलं.

"आ कर. बोलू नको."

तिने नंतर साबणाने तीनदा हात धुतले. तरी नखात वास होताच. त्या हाताने कणीक मळवेना. त्या दिवशी पोळ्या बेबीताईंनी लाटल्या.

हे तिसऱ्यांदा होत होतं. सव्वा वर्षापूर्वी त्याच दाढेला पहिल्यांदा भोक दिसलं तेव्हा मयुरी निर्धास्त होती. दुधाची असेल, पडेल. चिखलीच्या दातांच्या डॉक्टर, वंदना मॅडम, यांनी तोंडात आरसा घातला आणि म्हणाल्या, "ही दुधाची नाही हो. सहाव्या वर्षी मागे नवी येते ती ही. पक्की. ही गेली तर हिच्या जागी दुसरी येणार नाही, जन्मभर." हे वाक्य तेव्हापासून मयुरीच्या छातीवर बसलेलं होतं. ती रात्री पोराचं पांघरूण सारखं करताना त्याचा जबडा चाचपून बघायची.

पहिल्या वेळी पोराने इतकं लाथाडलं, इतकी लाळ केली, की मॅडमनी दाताचं सिमेंट भरलं. "लाळेतही धरून बसतं, पण मऊ असतं, झिजतं. वर्ष-दीड वर्ष काढेल." पाच महिन्यांत ते गेलं. दुसऱ्या वेळी पोरगं शहाण्यासारखं बसलं, तेव्हा त्यांनी कंपोझिट भरलं, निळा उजेड पाडून कडक केलं. "हा मसाला दणकट आहे. चार-पाच वर्षं याच्याकडे बघायचं काम नाही." त्याला आता आठ महिने झाले होते.

शाळा सुटल्याबरोबर तिने संघर्षला दप्तरासकट चिखलीच्या गाडीत घातलं. वाटभर ती मनात भांडण जुळवत होती. मसाला भेसळीचा आहे. मुदत संपलेला. खेड्यातली बाई, हिला काय कळतंय, म्हणून आमच्या तोंडात काहीही भरता का? एकेक वाक्य तिने धार लावून ठेवलं. शेजारी संघर्ष खिडकीला नाक लावून बसला होता आणि त्याचा श्वास काचेवर उमटत होता. तिला ती काचसुद्धा पुसावीशी वाटली.

"मॅडम, तुम्ही भरलेलं टिकत कसं नाही?" खुर्चीत पोराला बसवता बसवताच तिने सुरुवात केली. "दोनदा झालं. दुसऱ्यांदा तर तुम्ही चार वर्षं म्हणाला होतात. मीही सायन्सची आहे, मला कळतं."

वंदना मॅडम चिडल्या नाहीत. छोटा कॅमेरा तोंडात घालून त्यांनी दाढ पडद्यावर मोठी केली. पडद्यावर ती ताटाएवढी झाली आणि मयुरीने मान फिरवली. पिवळट, ओलसर, काठाने काळी. मध्ये लाळेचा बुडबुडा फुगत होता.

"बघा इकडे. मान नका फिरवू. हे तुटलेलं नाही, निघालेलंही नाही. कड बघा, अजून चिकटून आहे. हे झिजलंय. न्हाणीतली साबणाची वडी झिजते तसं, वरून खाली. आणि खाली गेलं तेव्हा काठाने फट पडली, तिथून कीड आत शिरली." त्या थांबल्या. "माझ्या हातचं हेच मटेरियल सहावीतल्या, सातवीतल्या पोरांच्या तोंडात चार-चार वर्षं आहे. झोपेत दात खातो का हा?"

"नाही. मी जागी असते. मला कळलं असतं."

"कोळसा, राखुंडी, विटेची पूड, आजी काही लावते का बोटाने?"

"मॅडम, मऊ ब्रश आहे. मी स्वतः घासते. दोन वेळा."

"अच्छा. मग तुम्ही आ करा बरं."

"मी?"

"आ करा."

मयुरीने तोंड उघडलं. आरसा तिच्या दाढांवरून फिरला, थांबला, परत फिरला.

"वय काय तुमचं? तीसच ना? तुमच्या दाढांना टोकंच उरली नाहीत हो. पन्नाशीच्या बाईच्या असाव्यात तशा सपाट. तुम्ही आणि हा, घरी चावून काय खाता एवढं?"

मयुरीने दप्तरातून डबा काढला. आज पोराने दोन तुकडे उरवले होते. दाढ सुन्न करायला दिलेलं इंजेक्शन चढेपर्यंत दहा मिनिटं होतीच. मॅडमनी एका स्टीलच्या वाटीत तुकडे कुस्करून पाण्यात भिजवले, बोटाने विरघळवले, गढूळ पाणी ओतून दिलं. पुन्हा पाणी, पुन्हा ओतलं. असं सहा-सात वेळा. शेवटी वाटीच्या तळाशी चिमूटभर करडी भुकटी राहिली. तीळ नव्हे, कोंडा नव्हे.

"बोट फिरवा."

मयुरीने बोट फिरवलं. किर्र. तो आवाज तिच्या बोटातून दंडात आणि दंडातून दातांच्या मुळाशी गेला. मॅडमनी ती भुकटी काचेच्या पट्टीवर घासली आणि पट्टी उजेडाकडे धरली. काचेवर ओरखड्यांचं जाळं उठलं होतं.

"दगड आहे हा. या मसाल्यात काचेचे बारीक कण असतात, राळेत बसवलेले. कच आधी ती राळ खाते. राळ गेली की कण उघडे पडतात, मग एकेक गळतो. भिंतीचं सिमेंट खाल्लं गेलं की रेती गळते, तसं. आणि नुसता मसाला कशाला, दातसुद्धा याच्यापुढे टिकत नाही. पीठ कुठल्या चक्कीवरचं आणता?"

"चक्की आमचीच आहे," मयुरी म्हणाली. आणि ते म्हणता म्हणताच तिच्या कानात टक-टक-टक सुरू झालं. राखाडी भुवया दिसल्या. टाकीच्या दिवशीची भाकर चावाची नसते बाई.

खनिजांच्या कठीणतेचा तक्ता तिने कॉलेजात पाठ केला होता. शंखजिरे एक, गारगोटी सात, हिरा दहा. दाताचं कवच पाचाच्या आसपास. परीक्षेत तोच प्रश्न आला होता, पैकीच्या पैकी गुण पडले होते. आणि त्याच तोंडाने ती पोराला सांगत आली, बत्तीस वेळा चाव. तीन वर्षं तिने स्वतःच्या हाताने, तीळ लावून, खरपूस भाजून, त्याला दगड चारला. तिला आपल्या जिभेवर आठ वर्षांची सगळी कच एकदम जाणवली. थुंकावंसं वाटलं, पण थुंकायच्या भांड्यात आधीच संघर्षची गुलाबी लाळ होती.

मॅडमनी कीड कोरायला घेतली. छोट्या चमचीने ती निघत होती, ओल्या चामड्यासारखी, पापुद्र्या-पापुद्र्याने. प्रत्येक पापुद्रा त्या कापसावर पुसत होत्या आणि मयुरी एकेक बघत होती. आता ती मान फिरवत नव्हती. तिला वाटलं, हे बघणं आपलं देणं आहे.

"नस वाचली," बऱ्याच वेळाने मॅडम म्हणाल्या. "पापडाइतका पातळ पडदा उरलाय मध्ये, पण वाचली. आता वर स्टीलची टोपी बसवू. पुढच्या आठवड्यात या. पण ऐका, टोपी एकाच दाढेला आहे. बाकी तीन पक्क्या दाढा उघड्या आहेत याच्या. पीठ बदललं नाही तर मी कितीही काही भरलं तरी उपयोग नाही."

घरी आली तेव्हा किसनराव चक्कीच्या ओट्यावर बसले होते. मयुरीने चप्पलही काढली नाही.

"मामाजी, टाकी लावल्यावर पहिलं दळण घरचंच का घालता तुम्ही?"

"मंग कोनाचं घालू?"

"त्यात दगडाची कच असते. पोराची दाढ गेली असती आज."

"म्या तं तुले पह्यल्याच महिन्यात सांगतलं होतं," किसनराव शांतपणे म्हणाले. "चावाची नाई, गिळाची. तू म्हने हो मामाजी. मले वाटलं समजलं पोरीले. मंग पाह्यलं तं तू पोट्ट्याले मोजून मोजून चाववून राह्यली. म्हनलं शिकेल हाये, तिचं तिले माहीत असंन."

"मग ओरडायचं होतं माझ्यावर!"

"सुनेवर वरडत असते काय कोनी?" बेबीताई दारातून म्हणाल्या. "अन् तुले बोलाची सोयच कुठं होती व. आमचं जेवन पाहून तुह्या तोंडाची चंची होये, ते काय आमाले दिसत नसे?"

म्हणजे त्यांनी बघितलं होतं, रोज, आठ वर्षं.

"आईक," किसनराव म्हणाले. "तीस वर्सं झाले. आपल्या वस्तीतल्या मानसानं चक्की टाकली म्हनून अर्धं गाव दळन घेऊन दुसरीकडं जाये. हळूहळू याले लागले. अन् येका दिवशी टाकीच्या मागून येका बाईचे गहू गेले, तिच्या पोळीत कच लागली. तवा जे बोलले लोकं, ते कचेवर नाई बोलले. आपल्यावर बोलले. तवाच ठरोलं म्या, पह्यलं दळन आपलं. कच आपुन खाऊ. लोकाच्या डब्यात कन नाई गेला पाह्यजे." ते हसले. हसताना त्यांचे दात दिसले आणि मयुरीने आज प्रथमच ते नीट पाहिले. हिरडीपासून कापल्यासारखे आखूड, वरून सपाट, प्रत्येकाच्या मध्ये तपकिरी टिकली. दोन दातांच्या मध्ये तंबाखूची पाती अडकलेली. तिला शिसारी आली. या वेळी मात्र ती नुसती किळस नव्हती, आणि म्हणूनच तिला ती जास्त सहन होईना.

"मग ते पीठ आता फेकून द्यायचं. घरात नाही आणायचं."

"अन्न हाये बाई ते. दोन पायल्या जवारी. फेकाची?"

"गुरं असती तं गुराले घातलं असतं," बेबीताई म्हणाल्या. मग त्यांना सुचलं. "गोजरबाईले देऊन टाकू. झाडनीचं पीठ तं नेतेच ते. अन् तिले कच लागून लागून कुठं लागन? तिच्या तोंडात दात तं पाह्यजे!"

सगळे हसले. संघर्ष हसला, अर्धा सुन्न ओठ वाकडा करून. मयुरीही हसली. हे नीट लक्षात ठेवायला हवं, की मयुरीही हसली, मोठ्याने, सुटल्यासारखी.

गोजरबाई रोज संध्याकाळी चक्की झाडायला यायची. सत्तरीची, एकटी, हसली की नुसत्या हिरड्या. दगडाखाली सांडलेलं, पायाखाली आलेलं पीठ ती चाळून घरी न्यायची. पुढच्या टाकीला बेबीताईंनी तिला डबाभर पीठ दिलं तेव्हा तिने ते दोन्ही हातांनी धरलं.

"माय माय! झाडनीचं नाई, दळनाचं? अन् एवढं? काऊन व बेबी, सून पोटुशी हाये का काय?"

"घे नं गुमान. अन् आईक, गिळून खाजो. चावू नको."

"कायनं चावू व? ढुंगनानं?"

पुन्हा हशा. ती गेली. मयुरीने भांडी विसळता विसळता तिला जाताना पाहिलं, डबा लेकरासारखा कडेवर घेतलेला. तिच्या मनात काहीतरी टोचलं, अगदी बारीक, भाकरीतल्या कचेएवढं. तिने ते गिळलं. संघर्षच्या दाढेवर टोपी बसली होती. घरात आता टाकीनंतर तीन दिवसांनी दळलेलं पीठ येत होतं, आणि मयुरी दर वेळी चिमूटभर पुढच्या दातांत धरून बघत होती. पोराच्या तोंडाचा वास गेला. तो शाळेत आपला चांदीचा दात पोरांना दाखवून भाव खात होता. सकाळी तो गळ्यात पडला की ती मुद्दाम खोल श्वास घ्यायची.

सहा आठवडे गेले. एका संध्याकाळी तिला दिसलं, चक्की झाडलेली नाही. भिंतीच्या कडेला पीठ तसंच साचलंय, त्यात मुंग्या.

"गोजरबाई आजारी आहे का आई?"

"आजारी कायले? गेली लेकीकडं, कोकिळेकडं. तिकडं संग्रामपूरच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. लेक-जावई कापूस येचाले गेले, लेकरं सांभाळाले कोनी नाई. परवाच गेली, गाडीनं. गोनी डोक्यावर घेऊन."

"कसली गोणी?"

"पिठाची. तिन्ही टाक्यांचं पीठ तिनं खाल्लंच नाई, साठोलं. म्हने म्या आपलं झाडनीचंच खातो, हे चांगलं माह्या नातवायले." बेबीताईंना कौतुकच वाटत होतं. "दोन नातू हायेत, येक सहाचा, येक आठाचा. म्हने तुमची मयुरी करते नं, कडक भाकर, तीळ लावून, तशीच करून घालीन पोट्ट्यायले. म्हने पोट्टे कुडुम-कुडुम खातीन."

मयुरीच्या हातातला झाडू खाली पडला नाही की काही नाही. ती फक्त भिंतीजवळ बसली आणि त्या मुंग्यांकडे बघत राहिली. तिच्या तोंडात आपोआप लाळ सुटायला लागली, ओकारीआधी सुटते तशी. सहाचा. म्हणजे मागची दाढ नुकती हिरडी फोडून वर आली असेल. पांढरी, कोरी. आणि ती दुधाची समजून कोणी बघणारही नाही. आणि हे पीठ कोणी चोरून नेलं नव्हतं. गोजरबाईला दात नाहीत म्हणून दिलं होतं. तिला नातू असतील, ते पीठ त्यांच्या तोंडी जाईल, हे कोणाच्या मनात आलं नव्हतं. कोणाच्या नव्हे, आपल्याच. कारण कच काय करते ते पडद्यावर ताटाएवढं मोठं करून या घरात फक्त एकीने पाहिलं होतं.

"फोन आहे का कोकिळेकडे?"

"असंन. आपल्यापाशी नंबर कुठं हाये?"

प्रसेनजितने खामगावात चार ठिकाणी विचारलं. काही लागलं नाही. रविवारी मयुरी स्वतः गेली, खामगावला गाडी बदलून, संघर्षला मांडीवर घेऊन. संग्रामपूरच्या स्टँडवर विचारलं, बाजारात विचारलं, किराणा दुकानांत विचारलं. कापूस वेचायला आलेली माणसं शेताशेतांवर झोपड्या टाकून राहतात, एक शेत संपलं की दुसरीकडे जातात. कोणती कोकिळा, कोणाची कोकिळा, कोणाला माहीत? एक दुकानदार म्हणाला, "ताई, पीठ दिलं तं पुन्य केलं. त्याच्यासाठी एवढं फिरून राह्यल्या?" ती परत आली. त्या आठवड्यात टाकी लागली तेव्हा किसनरावांनी पहिल्या दोन पायल्या दळल्या, पीठ घेऊन ओढ्याकडे गेले आणि रिकामा डबा घेऊन परत आले. हात धुताना ते बराच वेळ बोटं चोळत होते.

तेव्हापासून संग्रामपूरच्या, जळगाव जामोदच्या बाजूला जाणारं कोणीही भेटलं की मयुरी त्याला थांबवते. गाडीतल्या अनोळखी बायांना सांगते. तुम्ही हे वाचताय, तर तिचं सांगणं तुम्हालाही आहे. त्या अंगाला कधी गेलात, तर एक म्हातारी शोधा. गोजरबाई नाव, अमडापूरची, हसली की नुसत्या हिरड्या. लेकीचं नाव कोकिळा. झोपडीत पिठाची गोणी असेल. चिमूटभर पीठ पुढच्या दातांत धरून बघा, किर्र झालं तर तिथेच ओतून द्या, ती रागावली तरी. सांगा, मयुरी याच्या दुप्पट चांगलं पीठ पाठवते. आणि धाकट्या नातवाला जवळ घ्या, त्याच्या तोंडाला वास येत असला तरी मान फिरवू नका, आ करायला सांगा, आणि सगळ्यात मागची दाढ बघा. ती पक्की आहे. तेवढी बघून या.